पोस्टकार्डाची फट

भोपाळच्या अवधपुरीत बोट आली ती अकरा पाट, सहा दारं, चार पायऱ्या आणि एक घडीचं टेबल, एवढीच. बाकीची बोट मुंबईत होती. टेम्पोतून चार लाकडी पेट्या उतरल्या. पेट्यांवर लाल अक्षरांत ‘काँच है’ असं लिहिलेलं. आत काच औषधालाही नव्हती. समोरच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, ‘‘नवं फर्निचर का हो भाऊजी?’’ म्हटलं, ‘‘नाही, जुनं जहाज.’’ त्या हसून आत गेल्या. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या या कॉलनीत दुसरं काय होणार?

हा २०२२ चा एप्रिल. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी लोकांची जुनी कपाटं, झोपाळे, देव्हारे पॉलिश करून देत होतो. बोट कधी केली नव्हती. बोटीतही फार वेळा बसलो नव्हतो. मोठ्या तलावावर शिडाच्या होड्या सराव करतात त्या काठावरून पाहायच्या, भुट्टा खायचा आणि घरी यायचं, एवढंच माझं नौकानयन.

धंद्याने मी पॅटर्नमेकर. हे सांगितलं की निम्म्या लोकांना मी शिंपी वाटतो. लोखंडाचा एखादा अवघड भाग ओतायचा असेल, समजा पंपाचा डबा, तर तो आधी लाकडात करावा लागतो. तो लाकडी डबा वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. गोविंदपुऱ्यातल्या एका फाउंड्रीत मी एकतीस वर्षं हे केलं. गंमत अशी, की आमचं लाकूडकाम गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. जे दिसतं ते लोखंड. आम्ही त्यावर रंगही देतो, पण तो शोभेचा नव्हे: जिथे मागाहून मशीन फिरणार तिथे लाल, जिथे गाभा बसणार तिथे पिवळा, असा सांकेतिक.

आणि आमच्याकडे एक खास पट्टी असते. लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला साधारण एक. पोलाद त्याच्या दुप्पट. म्हणून एक मीटरचा भाग हवा असेल तर लाकूड एक मीटर दहा मिलिमीटर करायचं. हा हिशेब दर वेळी डोक्यात करायला लागू नये म्हणून पट्टीवरच्या खुणाच मुळात लांबवलेल्या असतात. श्रिंकेज पट्टी म्हणतात तिला. नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी ही पट्टी आणि साधी पट्टी शेजारी ठेवून दाखवायची. तो म्हणतो, ‘‘चाचा, ये तो झूठी है.’’ खोटी खरीच, पण खरं माप मिळवायला ती लागते. एकतीस वर्षं जो माणूस अशी पट्टी वापरतो त्याने पुढे जे केलं ते करायला नको होतं. ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

काम मिळालं ते साकेत नगरातल्या एका बाईंमुळे. त्यांचं जेवणाचं टेबल मी केलं होतं. त्यांचे भाऊ नौदलातून निवृत्त झालेले, मुंबईला असतात. आम्ही त्यांना कमांडरसाहेबच म्हणायचो. त्यांनी हौसेने एक जुनी शिडाची बोट घेतली होती, सुमारे तीस फूट लांब, आत चार माणसं झोपतील अशी केबिन. मुंबईतच बांधलेली, सगळी सागवानी, वय साठीच्या पुढे. बाहेरचं काम तिकडचे लोक करत होते. आतल्या लाकडाबद्दल मात्र जो तो सांगे, फेकून द्या, प्लायवूडवर छापील लॅमिनेट लावून देतो. साहेबांना ते पटेना. टेबल पाहून ते मला म्हणाले, ‘‘मिस्त्री, तुमच्याकडची हवा कोरडी. मुंबईत व्हार्निशला दोन दिवस लागतात, तुमच्याकडे एका दिवसात वाळेल.’’ मी मान डोलावली. भोपाळच्या कोरड्या हवेचा आम्हाला दोघांनाही अभिमान वाटला, म्हणा ना.

पेट्या उघडल्या तेव्हा आधी वास आला. डिझेल, मीठ, बुरशी आणि बंद खोलीतल्या जुन्या चादरींचा असतो तसा एक. पाट म्हणजे केबिनच्या तळाची जमीन. बोटीत ती एकसंध नसते. खालच्या पोकळीत पाणी साचतं, तिथे पंप असतो, नळ्या असतात, म्हणून प्रत्येक पाट पितळी कडीला धरून उचलता यावा लागतो. एकेक पाट म्हणजे चार बोटं रुंदीच्या सागपट्ट्या आणि त्यांच्या मधे अर्ध्या इंचाच्या फिक्या पट्ट्या, खाली आडव्या चिपांना स्क्रूने आवळलेल्या. ही काळी-गोरी पट्ट्यापट्ट्यांची जमीन विलायती बोटींची ओळख. तिकडे फिकी पट्टी हॉलीच्या लाकडाची घालतात. साहेबांनीही मला फोनवर ‘सागवान आणि हॉली’ असंच सांगितलं होतं.

मी एका कोपऱ्यात रंध्याचा एक हात मारला आणि मला हसू आलं. पिवळसर, घट्ट, सरळ विणीचं, लोण्यासारखं कापलं जाणारं लाकूड. हा हेदू! आमच्या इकडे हल्दू म्हणतात. गिरण्यांचे बॉबिन, शाळेतल्या पट्ट्या याच्याच व्हायच्या, आणि सातपुड्याच्या जंगलात याचे मोठे वृक्ष आहेत. साठ वर्षांपूर्वी मुंबईच्या कुठल्यातरी सुताराला इंग्रजी नकाशावर ‘हॉली’ वाचायला मिळालं असणार, आणि त्याने जवळची वखार गाठून आपल्याला ठाऊक असलेलं गोरं लाकूड घातलं. त्या क्षणापासून मला ती बोट परकी वाटेनाशी झाली.

पाटांच्या पाठीवर त्या सुताराने पेन्सिलीने १ ते ११ आकडे देवनागरीत घातले होते आणि प्रत्येकावर एक बाण, त्याच्या टोकाशी ‘ना’. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक. साठ वर्षांच्या तेलकट काळोखात पेन्सिल जशीच्या तशी. शाई पुसली गेली असती.

मुंबईत सागाचं जहाज बांधणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. लवजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या इथल्या गोदीत सागाची जहाजं बांधली. त्यांतली एक, ‘ट्रिंकोमाली’, १८१७ साली पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. इंग्लंडचा ओक आंबट. त्यातल्या आम्लाने लोखंडी खिळा खाल्ला जातो आणि खिळ्याच्या गंजाने ओक. सागात तेल असतं, त्यामुळे तो खिळ्याशी बराच गुण्यागोविंदाने नांदतो. त्या काळी साग मलबारातून यायचा. आमच्या मध्यप्रांताच्या सागालाही बाजारात मान आहे, अजून ‘सीपी’ म्हणूनच विकला जातो, प्रांत जाऊन सत्तर वर्षं झाली तरी. बल्लारशाच्या वखारीतला तर अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला. पण या पाटांचा साग कुठला, हे मला वास आणि वीण पाहून सांगता येईना. काही म्हातारे मिस्त्री सांगतात. मी त्यांच्यावर फारसा विश्वास ठेवत नाही.

आता काम. पाटांवर चार तऱ्हेचे थर होते आणि ते खरवडताना मला बोटीचे चार मालक भेटले. सगळ्यांत खाली पातळ, नारिंगी, मूळचं तेलाचं व्हार्निश. त्यावर कुणीतरी उदारपणे दिलेला लाखेचा हात. त्यावर गडद तपकिरी रंगाचं काहीतरी, बहुधा डाग झाकायला. आणि वर दोन डब्यांचं मिश्रण करून देतात ते पॉलियुरेथेन, काचेसारखं कडक. ते खालच्या थराला धरलंच नव्हतं. उन्हात भाजलेल्या पाठीची कातडी निघते तसं नखाने सुटत होतं आणि जिथे सुटत नव्हतं तिथे कशालाच ऐकत नव्हतं. माझा मदतनीस, बैरागढचा वीस वर्षांचा पोरगा, मशीन घेऊन घासायला निघाला होता. त्याला अडवलं. घासणीने वरचा थर तापतो, कागदाला चिकटतो, आणि मऊ लाकूड कडक लाकडापेक्षा जास्त खाल्लं जातं. जमीन लाटालाटांची होते. हॉट एअर गनने थर फुगवायचा आणि स्क्रेपरने ओढायचा, एवढाच मार्ग.

स्क्रेपर म्हणजे पत्त्याएवढा पोलादी पत्रा. त्याची कड कानशीने सरळ करायची, मग कडक सळईने दाबून तिला केसाएवढी वळ आणायची. ती वळच कापते. नीट लागली तर भुसा नव्हे, पापुद्रे निघतात, चहा गाळल्यावर उरतो तसल्या रंगाचे. सागात वाळूसारखा सिलिकाचा अंश असतो, त्यामुळे दहा मिनिटांत वळ मरते. पुन्हा कानस, पुन्हा सळई. अकरा पाटांना आम्हाला नऊ दिवस लागले. मदतनीस पहिल्या दिवशी कंटाळला, तिसऱ्या दिवशी त्याचा हात बसला आणि पाचव्या दिवशी तो मला सांगू लागला की चाचा, तुम्ही फार दाबता. खरंच दाबत होतो. वय झालं की माणूस धारेऐवजी वजनाने कापायला बघतो.

स्क्रू काढताना त्या जुन्या सुताराशी पुन्हा गाठ पडली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाकडाची एक गोल गुळगुळीत टोपी बसवलेली असते, वीण आजूबाजूच्या विणीला जुळवून, म्हणजे स्क्रू दिसत नाही. ती काढायची युक्ती अशी: टोपीच्या मधोमध बारीक भोक पाडायचं आणि त्यात दुसरा एक स्क्रू पिळत जायचा. त्याचं टोक खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकलं की टोपी आपोआप वर येते. त्याच्या टोप्या अशा अलगद आल्या, कारण त्याने त्या सरसात नव्हे, व्हार्निशात बुडवून बसवल्या होत्या. धरून ठेवण्यापुरतं चिकटतं, काढणाऱ्याला अडवत नाही. मधल्या कुणा कारागिराने काही टोप्या एपॉक्सीने पक्क्या केल्या होत्या. त्या पटाशीने फोडून काढाव्या लागल्या, आणि प्रत्येक वेळी कडेचा एक कपचा गेला. त्या माणसाला वाटलं असेल, मी काम कायमचं करून ठेवलं.

काही मूळ स्क्रू पितळेचे होते. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरतं ते गुलाबी, भुसभुशीत तांबं. पेचकस लावला की डोकं तुटून हातात. जिथे कुणी नंतर साधे लोखंडी स्क्रू घातले होते तिथे भोवती काळे डाग पडले होते, शाई सांडावी तसे. हे घासून जात नाहीत, ते लाकडाच्या आत गेलेले असतात. ऑक्झॅलिक आम्लाची पूड गरम पाण्यात विरघळवून ब्रशने लावली की डोळ्यांदेखत काळं फिकं होत जातं. विषारी आहे, हातमोजे, नाकाला फडकं आणि नंतर भरपूर पाण्याने धुणं. ‘ही’ स्वयंपाकघरातून ओरडली, त्या वाटीत मी काही ठेवणार नाही हं आता. वाटी शेडमध्येच राहिली, तिच्यावर कवटीचं चित्र काढून.

एवढं सगळं जपून करणारा मी. आता माझी करामत ऐका.

साहेबांनी मुंबईहून ब्राउन पेपरवर केबिनच्या तळाचा आकार कापून पाठवला होता. तो गच्चीवर पसरून त्यावर पाट मांडले, तर पाटांच्या मधे आणि कडेला चांगल्या तीन-साडेतीन मिलिमीटरच्या फटी. मला ते कसंसंच वाटलं. इतका चांगला सुतार, टोप्यांची वीण जुळवणारा, आणि फटी अशा? मनाशी ठरवून टाकलं: साठ वर्षांत पाट झिजले असणार, कुणीतरी कडा रंधून घेतल्या असणार. मग मी सागाच्या बारीक कडपट्ट्या कापल्या, प्रत्येक पाटाच्या दोन्ही बाजूंना चिकटवल्या आणि सगळं असं जुळवलं की दोन पाटांच्या मधे पोस्टकार्ड जेमतेम सरकेल. पॅटर्नच्या दोन अर्धुकांमध्ये मी अशीच फट ठेवत आलो. मदतनिसाने पोस्टकार्ड कधी पाहिलं नव्हतं. त्याला ट्रंकेतून काढून दाखवावं लागलं. वीस मे होती. उन्हाचा पारा त्रेचाळिसावर. हवेत पाण्याचा थेंब नव्हता, दारं वाळून चौकटीत खडखडत होती, माझ्या ओठांना भेगा होत्या. आणि मी फटी बुजवत होतो.

वडील असते तर एका वाक्यात थांबवलं असतं. ते १९६२ साली खानदेशातून इथल्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये आले आणि ट्रान्सफॉर्मरच्या खात्यात आयुष्य काढलं. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात लाकूड असतं हे अनेकांना ठाऊक नसतं. पापुद्र्यांवर पापुद्रे दाबून केलेल्या कडक फळ्या, तारांच्या वेटोळ्यांना आधार द्यायला. त्या निर्वात भट्टीत कोरड्या ठक्क करून मगच तेलात सोडतात. घरात पापड वाळत घातले तरी बाबा बोटाने दाबून बघायचे आणि म्हणायचे, हे वरून वाळलेत, आतून नाही. मला तो त्यांचा चक्रमपणा वाटायचा.

व्हार्निशचा भाग मात्र मला अजून आठवला की बरं वाटतं. सागाच्या तेलावर व्हार्निश धरत नाही, म्हणून आधी थिनरने भिजवलेल्या फडक्याने पुसून काढायचं आणि तासाभरात पहिला हात द्यायचा, निम्मं थिनर घालून, इतका पातळ की लाकूड पिऊन टाकतं. पुढचे हात दाट होत जातात. मे महिन्यात दुपारी ब्रश ओढला तर मागची ओळ पुढच्या ओळीला भेटेपर्यंत सुकलेली असते आणि खुणा राहतात. संध्याकाळी लू सुटते आणि सगळ्या गोविंदपुऱ्याची धूळ आणून बसवते. म्हणून पहाटे साडेचार. जमिनीवर पाणी शिंपडायचं, पत्र्याला ओल्या गोणपाटाचे पडदे, अंगात बाह्यांचा सदरा नव्हे, गंजीच; बाह्यांतून धागे पडतात. ब्रश बुडवायचा तो केसांच्या एक तृतीयांशापर्यंतच. एका बाजूला दिवा ठेवायचा आणि चमकेच्या रेषेकडे पाहत जायचं. रेष तुटली म्हणजे जागा सुटली. सहा वाजता कडुलिंबावर पोपट येत आणि तेवढ्यात मी ब्रश धुवायला बसलेला असे. एका पाटावर एक मुंगी अडकली होती, दोन हातांच्या मधे. ती मी काढली नाही. पाट क्रमांक ७.

चमकेवरून साहेबांशी माझा थोडा वाद झाला. त्यांना सगळं काचेसारखं हवं होतं. दारं, टेबल ठीक. पण जमिनीवर काच म्हणजे ओला पाय पडला की माणूस आडवा, आणि बोट तर आधीच तिरकी. शेवटी दारांना पूर्ण चकाकी ठेवली आणि पाटांचा शेवटचा हात बारीक कागदाने मारून मंद केला. वरून सहा हात. आणि खालून? खालून एक. कोण पाहणार आहे खालून? ही माझी दुसरी करामत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेट्या मुंबईला गेल्या. बोट तेव्हा पाण्याबाहेर, माझगावजवळ एका यार्डात ताडपत्रीखाली उभी होती. पावसाळ्यात शिडाच्या बोटी बाहेरच काढून ठेवतात. साहेबांनी फोटो पाठवला. पाट असे चपखल बसले होते की सगळी जमीन एका तुकड्यातून कापल्यासारखी. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘मिस्त्री, कमाल.’ तो फोटो मी अवधपुरीतल्या निम्म्या लोकांना दाखवला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. डोलकाठीच्या भोकातून पावसाचं पाणी आत झिरपलं होतं, तळाशी साचलं होतं, पंप काढायचा होता, आणि एकही पाट हलत नव्हता. कड्या धरून दोघांनी ओढलं तर एक कडी स्क्रूसकट उपटून आली. साहेब रागावले नव्हते, हे जास्त वाईट. ते नुसतं म्हणाले, ‘‘काय करूया?’’

पंजाब मेलने निघालो. इटारसी सोडल्यावर हरदा, टिमरनीकडे दोन्ही बाजूंना साग फुलला होता. पावसाळ्यात सागाला पांढरट तुरे येतात. खिडकीजवळ बसून मी हिशेब केला, जो मे महिन्यात करायला हवा होता. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. सागात पाण्याचं प्रमाण शंभराला एकाने वाढलं, तर रुंदी शंभराला दशांश एक ते दोन वाढते, लाकूड कसं कापलंय त्यावर. हे सागाचं कौतुकच आहे, इतर लाकडं याहून जास्त फुगतात. पण भोपाळच्या मेमध्ये माझे पाट वाळून सात टक्क्यांवर आले असतील, तर मुंबईच्या जुलैत पंधराकडे जाणार. आठ टक्के. केबिनच्या जमिनीची रुंदी साडेपाचशे मिलिमीटर. म्हणजे सहा-सात मिलिमीटर, सहज. जुन्या सुताराच्या रुंदीतल्या तीन फटी मिळून दहा मिलिमीटर होत्या. माझी तीन पोस्टकार्डं मिळून एकसुद्धा नाही. आणि तो ब्राउन पेपर? कागद म्हणजे लाकूडच की. तोही मुंबईत दमट हवेत कापलेला आणि माझ्या गच्चीवर वाळून आखडलेला. मी खोट्या पट्टीने मोजत होतो, आणि कागदाची खोट माझ्या बाजूची असूनही पुरली नाही.

यार्डात पोहोचलो तेव्हा धो धो पाऊस. केबिनमध्ये उतरलो आणि पहिल्यांदा त्या बोटीच्या आत उभा राहिलो. दोन महिने तिची हाडं माझ्या शेडमध्ये होती आणि ती मला अशी भेटत होती, हवाबंद डब्यासारखी. पाट नुसते फुगले नव्हते, मधोमध वर उचलले गेले होते. आधी नवल वाटलं. मग खालचा एक हात आठवला. वरच्या सहा हातांतून दमट हवा हळूहळू शिरते, पण शिरतेच. खालच्या एका हातातून, साचलेल्या पाण्याच्या वाफेत, भराभर. खालची बाजू जास्त फुगली तर पाट वरून खोलगट व्हायला हवा होता, कडा उंच. पण कडांना जायला जागाच नव्हती, भिंती आवळून बसलेल्या. मग मधला भागच कमानीसारखा वर आला. यार्डातल्या मिस्त्रींनी ओलावा मोजायचं छोटं यंत्र टोचलं. पंधरा. ते मालवणकडचे होते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असतील. त्यांनी माझ्या कडपट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, ‘‘हे कोणी केलानी?’’ मी म्हटलं, मी. ते पुढे काही बोलले नाहीत आणि त्यांनी मला चहा मागवला.

पहार घातली असती तर कडा फुटल्या असत्या. हिटर लावून वाळवायला आठवडे. मालवणचे मिस्त्री म्हणाले, एक जाऊ द्या. म्हणजे एक पट्टी बळी द्या. कुठली, ते सांगायला लागलं नाही. सागाच्या पट्ट्या चार बोटं रुंद, हेदूची अर्धा इंच. मी पाट क्रमांक ६ ची मधली हेदूपट्टी निवडली, विणीच्या दिशेने पटाशी लावली आणि तिला चिरत गेलो. मऊ, सरळ, पिवळ्या चिंध्या निघत होत्या. दोन हात लांबी गेली आणि मग एक आवाज आला, सुपारी फुटावी तसा. शेजारचा साग एका दमात पाच मिलिमीटर सरकला. त्यानंतर बाकीचे पाट हाताने निघाले. खाली घोटाभर पाणी आणि त्यात एक प्लास्टिकचा चमचा तरंगत होता.

तीन दिवस तिथेच ताडपत्रीखाली काम केलं. माझ्या कडपट्ट्या रंध्याने काढून टाकल्या. ज्या मी काढल्या नाहीत त्या सरसाच्या रेषेपाशी आपणच सुटल्या. पाट असेच दमट असताना कितीची फट ठेवायची, हे मालवणच्या मिस्त्रींनी ठरवलं: इथे एक मिलिमीटर पुरे, कारण याहून जास्त ते कधी फुगणार नाहीत, वाळल्यावर आपसूक तीन होतील. जुन्या सुताराच्या साडेतीनचा अर्थ मला तिथे कळला. मी मापत होतो ते त्याचं काम नव्हतं, भोपाळचा उन्हाळा होता. एकदा गेटवेपर्यंत गेलो. रॉयल बॉम्बे यॉट क्लब, १८४६ चा, तिथे जवळच. त्यांच्याकडे सीबर्ड जातीच्या छोट्या शिडाच्या बोटी आहेत. आराखडा इंग्लंडातला, १८९८ चा, अजूनही शर्यतीत उतरतात. पावसाळ्यात त्या पाण्यावर नव्हत्या, त्यामुळे मी नुसतं पाणी पाहून परत आलो.

पाट व्हार्निशसाठी पुन्हा भोपाळला नेले नाहीत. ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, मी पुन्हा गेलो आणि खालच्या बाजूला चार हात दिले, कडांनाही चार. मुंबईत व्हार्निशला खरंच दोन दिवस लागतात. नवी हेदूपट्टी भोपाळहून पेपरात गुंडाळून नेली होती. ती बसवली, स्क्रूंवर टोप्या बसवल्या, व्हार्निशात बुडवून. पाट ६ च्या पाठीवर जुन्या आकड्याखाली पेन्सिलीने ‘ऑक्टो. २०२२’ आणि ‘भोपाळ’ एवढं लिहिलं. मुंगी ७ वर आहेच.

घरी आल्यावर ओलावा मोजायचं तसलं यंत्र घेतलं. पहिल्यांदा देव्हाऱ्याला टोचलं, ‘ही’ने पाहिलं, दोन दिवस अबोला. पुढच्या वर्षी हरित लवादाने मोठ्या तलावावरच्या इंजिनाच्या बोटी बंद करायला सांगितल्या आणि पाणी एकदम शांत झालं. आता काठावर उभं राहिलं की शिडाच्या होड्यांच्या दोऱ्यांचा फडफडाट ऐकू येतो. मदतनीस तिकडे होड्यांच्या डागडुजीचं काम मिळतं का, म्हणून विचारून आला. मिळालं नाही. तो अजून माझ्याचकडे आहे, आणि मी अजून फार दाबतो.

जानेवारीत साहेबांचा फोन आला. उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता, बोट पाण्यात होती, ते केबिनमध्ये बसून काहीतरी लिहीत होते.

‘‘मिस्त्री, तुमच्या फटीतून माझं पेन खाली पडलं.’’

म्हटलं, ‘‘साहेब, मग पाट उचला आणि घ्या की.’’